फुकट आणि मुक्त

आपल्या समाजात कुलपाविषयीची जाणीव मोठी सजग आहे. लग्नकार्यासाठी चार दिवस बाहेरगावी जायचे झाले, तर कपाटाची किल्ली कोणाकडे, मागचे दार आतून लावले आहे ना, विहिरीवरचा पंप बंद केला का, याची दहा वेळा खातरजमा केल्याखेरीज घरची गृहिणी उंबरठा ओलांडत नाही. त्याच घराच्या एका कोपऱ्यात संगणक ठेवलेला असतो. बँकेचे व्यवहार, आधार कार्डाच्या प्रती, जमिनीचे सातबारा, परदेशी असलेल्या भावाचा पत्रव्यवहार, दिवंगत आईवडिलांची छायाचित्रे, असे सारे काही त्याच्या पोटात साठलेले असते. त्याची किल्ली कोणाकोणाच्या हाती आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणाच्या मनाला शिवतो. शिवलाच, तर तो तांत्रिक प्रश्न आहे असे समजून आपण तो घरातील शिकल्यासवरल्या मुलावर सोपवतो आणि मोकळे होतो. वस्तुतः हा प्रश्न आधी सदसद्विवेकबुद्धीचा आहे आणि मग तंत्राचा. तो कसा, याचा येथे थोडा विचार करू.

दुकानात किंवा ओळखीच्या तरुणाकडून संगणक जोडून घेताना आपण एक वाक्य अगदी सहज उच्चारतो : "त्यात सगळे टाकून द्या." या 'सगळे' शब्दात ऑपरेटिंग सिस्टीम, पत्रलेखनाचे आणि हिशेबाचे सॉफ्टवेअर, छायाचित्रे सुधारण्याची आज्ञावली, मराठी टंक, असे बरेच काही येते. कित्येकदा त्यांपैकी एकाचीही किंमत चुकती झालेली नसते. परवान्याची तपासणी निकामी करणारी 'क्रॅक' नावाची एक छोटी आज्ञावली सोबत बसवली जाते आणि काम भागते. ज्या घरात दुसऱ्याच्या वाडीतला पडलेला नारळही विचारल्याशिवाय उचलायचा नाही असे मुलांना शिकवलेले असते, त्याच घरात हे घडते आणि त्यात काही वावगे आहे असे कोणालाही वाटत नाही.

याच्या समर्थनार्थ केले जाणारे युक्तिवाद हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. पहिला युक्तिवाद असा : शेजाऱ्याची कोंबडी पळवली, तर त्याचे खुराडे रिकामे होते, परंतु सॉफ्टवेअरची प्रत काढली, तर मूळ वस्तू जागच्या जागी राहते. मग चोरी झाली कशाची? याचे उत्तर आपल्याच अनुभवात आहे. या पानांवर लिहिणाऱ्या एखाद्या कवीची कविता दुसऱ्या कोणी त्याला न विचारता आपल्या स्मरणिकेत छापली, तर कवीची वही काही रिकामी होत नाही; तरीही त्याला दुःख होते आणि ते दुःख रास्त असते. त्याचा कागद गेला नाही, परंतु त्याची संमती डावलली गेली आणि त्याचे श्रम कोणी परस्पर वापरले. चोरी म्हणजे केवळ वस्तूचे स्थलांतर नव्हे. ज्याने घडवले त्याच्या इच्छेविरुद्ध त्याच्या श्रमाचे फळ घेणे, हाही सातव्या आज्ञेचा विषय आहे.

दुसरा युक्तिवाद गरिबीचा. कंपन्या गडगंज आहेत, आमची मिळकत तुटपुंजी आहे, आणि मुलाला तर संगणक शिकल्यावाचून गत्यंतर नाही, असे आईवडील म्हणतात. या म्हणण्यात तथ्य आहे आणि वेदनाही आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी नेमक्या अशाच प्रश्नाचा ऊहापोह केला आहे. गरज उघड आणि तातडीची असेल आणि ती भागवण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसेल, तर त्या गरजेपुरते परक्याच्या मालकीचे घेणे ही खऱ्या अर्थाने चोरी ठरत नाही, असा त्यांचा निर्वाळा आहे. यात दोन अटी आहेत. संगणकाची गरज ही भुकेसारखी नव्हे. तरीही, आजच्या शिक्षणाची रीत पाहता, पहिली अट काही प्रमाणात पुरी होते असे वादाकरिता मान्य करू. दुसऱ्या अटीचे काय? दुसरा मार्ग खरोखरच नाही काय?

मार्ग आहे, आणि तो बराच जुना आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली 'ग्नू' नावाच्या प्रकल्पाची घोषणा केली. प्रत्येकाला कोणत्याही कामासाठी वापरता येईल, आतून उघडून अभ्यासता येईल, दुसऱ्याला देता येईल आणि सुधारून पुन्हा वाटता येईल, असे सॉफ्टवेअर निर्माण करणे हे त्यांचे ध्येय होते. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा लिहून जगापुढे ठेवला आणि पुढच्याच वर्षी तो ग्नूच्या परवान्याखाली आणला. त्यातून आज 'लिनक्स' म्हणून ओळखली जाणारी व्यवस्था उभी राहिली. इंग्रजी भाषेत 'विनामूल्य' आणि 'स्वतंत्र' या दोन्ही अर्थांना एकच शब्द असल्यामुळे या चळवळीला आपला अर्थ समजावून सांगताना पुष्कळ कष्ट पडले. मराठीला ती अडचण नाही. आपल्याकडे 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. चोरटी प्रत फुकट असते, पण मुक्त नसते; मुक्त सॉफ्टवेअर बहुधा फुकट मिळते, परंतु त्याचे मोल त्याच्या मुक्ततेत आहे.

घरगुती कामांपैकी बहुतेक कामे आता या मार्गाने होऊ शकतात. पत्रे, हिशेब आणि सादरीकरणे यांसाठी 'लिब्रेऑफिस' आहे. तो मराठीतही उपलब्ध आहे. इंटरनेटसाठी २००४ साली पहिली पूर्ण आवृत्ती निघालेला 'फायरफॉक्स' आहे. चित्रफिती आणि गाणी यांसाठी 'व्हीएलसी' आहे. फ्रान्समधील एकोल सांत्राल या अभियांत्रिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांच्या १९९६ सालच्या प्रकल्पातून तो जन्मला आणि २००१ साली मुक्त परवान्याखाली आला. मराठी अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप' संस्थेच्या 'मुक्ता'सारखे सुबक टंक मुक्त परवान्याने मिळतात. केरळ राज्याने तर आपल्या सरकारी शाळांमधील संगणकशिक्षणच मुक्त सॉफ्टवेअरवर उभे केले आहे. अडचणी मुळीच नाहीत असे नव्हे. एखादा जुना प्रिंटर रुसतो, एखाद्या व्यावसायिक आज्ञावलीला पर्याय सापडत नाही, कधी महाविद्यालय विशिष्ट सॉफ्टवेअरचाच आग्रह धरते. अशा वेळी ते एक सॉफ्टवेअर विकत घ्यावे. परंतु 'दुसरा मार्गच नाही' हे वाक्य आता आपल्याला प्रामाणिकपणे उच्चारता येत नाही, आणि त्याबरोबर गरिबीच्या युक्तिवादाचा आधारही सुटतो.

कायद्याचा उल्लेख भीती घालण्यासाठी नव्हे, तर माहितीसाठी करतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने कलम '६३ ब' आले. संगणकीय आज्ञावलीची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. वापर नफ्यासाठी वा व्यापारासाठी नसेल, तर न्यायालय कैद माफ करू शकते आणि केवळ दंड करू शकते. घरगुती वापर म्हणजे गुन्हाच नव्हे, ही समजूत त्यामुळे चुकीची ठरते.

आता सुरक्षिततेकडे वळू. क्रॅक बसवताना पुष्कळदा एक सूचना असते : 'अँटीव्हायरस तात्पुरता बंद करा.' कोणा अनोळखी माणसाने सांगावे, की रखवालदाराला घटकाभर बाहेर पाठव, मला आत काही ठेवायचे आहे, आणि आपण ते निमूटपणे ऐकावे, असा हा प्रकार आहे. शिवाय परवान्याचे बिंग फुटेल या धास्तीने चोरटी प्रत वापरणारे अनेकजण अपडेट बंदच ठेवतात. अपडेट म्हणजे निव्वळ नवी रंगरंगोटी नव्हे. दाराला आढळलेली भेग त्याने बुजवली जाते. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या खंडणीखोर आज्ञावलीने सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणकांना घेरले. ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील रुग्णालयांना शस्त्रक्रिया आणि रुग्णांच्या ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भेगेतून ती शिरली, ती बुजवणारे अपडेट मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्च महिन्यात दिले होते. त्या रुग्णालयांनी चोरी केली नव्हती. वेळेवर दुरुस्ती न होण्याची किंमत त्यांच्या रुग्णांनी मोजली.

येथे प्रश्नाची दुसरी बाजू दिसू लागते. वॉनाक्राय एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप पसरत होती. 'माझ्या संगणकात चोरण्यासारखे आहेच काय?' असे म्हणणारा सज्जन गृहस्थ हे विसरतो, की त्याचा संगणक दुसऱ्याच्या घरावर दरोडा घालण्यासाठी वापरला जाऊ शकतो. एकाच्या अंगणात साचलेले पाणी साऱ्या आळीला ताप आणते. डासांच्या अळ्या आपल्या पिंपात वाढू न देणे हा जसा शेजारधर्म आहे, तसाच संगणक निकोप राखणे हाही शेजारधर्मच होय.

हा प्रश्न अलीकडे अनेक घरांच्या दाराशी आला आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टीमचा सर्वसाधारण आधार संपला. घरगुती वापरासाठी कंपनीने त्या वेळी जाहीर केलेली वाढीव सुरक्षा-मुदत वर्षभराचीच होती. पुढची आवृत्ती चालण्यासाठी विशिष्ट सुरक्षा-चिप आणि नवे प्रोसेसर लागत असल्याने धडधाकट असलेले कित्येक जुने संगणक तिला अपात्र ठरतात. असे यंत्र भंगारात टाकावे काय? की भेगाळलेल्या दारासह तसेच चालू ठेवावे? 'लिनक्स मिंट'सारखी मुक्त व्यवस्था बसवल्यास तेच यंत्र आणखी काही वर्षे सुखाने आणि सुरक्षितपणे काम देऊ शकते. काटकसर, कायद्याचे पालन आणि शेजाऱ्याची काळजी या तिन्ही गोष्टी एकाच निर्णयात साधण्याचे प्रसंग संसारात फार थोडे येतात.

मात्र मुक्त आहे म्हणून ते आपोआप सुरक्षित, असा भाबडा समज नको. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टीमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या केन थॉम्पसन यांचे ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने केलेले व्याख्यान १९८४ साली प्रसिद्ध झाले. जी आज्ञावली आपण स्वतः संपूर्णपणे लिहिलेली नाही, तिच्यावर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही, असे त्यांनी त्यात दाखवून दिले; कारण मजकूर निर्दोष असला, तरी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारे साधनच लबाड असू शकते. म्हणजेच शेवटी आपल्याला माणसांवर विश्वास टाकावा लागतो.

त्याचे प्रत्यंतर मार्च २०२४ मध्ये आले. लिनक्समध्ये सर्रास वापरले जाणारे 'एक्सझेड' नावाचे एक छोटे साधन वर्षानुवर्षे एक स्वयंसेवक विनावेतन सांभाळत होता. तो थकला होता आणि तसे त्याने जाहीरपणे सांगितलेही होते. उत्तरादाखल त्याला मिळाला तो कामाच्या दिरंगाईबद्दलचा तगादा. अशा वेळी 'जिया तान' असे नाव धारण करणारी कोणी व्यक्ती मदतीला आली, दोन वर्षांहून अधिक काळ तिने निमूटपणे उपयुक्त काम केले, विश्वास संपादन केला आणि मग त्या साधनात एक चोरदरवाजा लपवला. आन्द्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. तो का होतो, हे त्यांनी चिकाटीने शोधले, आणि चोरदरवाजा सर्वत्र पसरण्यापूर्वीच उघडकीस आला. मजकूर सर्वांना खुला होता म्हणून त्यांना तो तपासता आला. परंतु केवळ खुला असल्यामुळे तो आपोआप तपासला गेला नाही. कोणीतरी लक्ष द्यावे लागले.

या घटनेत मला आपल्यासाठी एक गंभीर बोध दिसतो. जगभरातील असंख्य लोक त्या एका माणसाच्या श्रमांवर विसंबून होते. त्यांच्यापैकी किती जणांनी त्याची विचारपूस केली असेल? दान घेताना देणाऱ्याला विसरणे ही चोरी नव्हे, पण ती कृतघ्नता आहे, आणि तिचेही दुष्परिणाम होतात. ज्याला चार पैसे देणे शक्य आहे त्याने ते द्यावेत. ज्याला मराठी उत्तम येते त्याने अशा सॉफ्टवेअरच्या मराठी भाषांतराला हातभार लावावा. कॉलेजातील मुलामुलींनी आळीतील दोन वृद्धांचे संगणक मांडून द्यावेत. घेणारे सारेच आणि देणारा एकच, अशी व्यवस्था कोणत्याही समाजात फार काळ तग धरत नाही.

आणि काही दक्षता कोणतेही सॉफ्टवेअर आपल्या वतीने घेऊ शकत नाही. प्रत्येक खात्याचा पासवर्ड वेगळा आणि लांब असावा. महत्त्वाच्या कागदपत्रांची व छायाचित्रांची एक प्रत संगणकाबाहेर असावी. ओटीपी कोणालाही सांगू नये. दूरध्वनीवरून 'डिजिटल अटक' झाल्याचे सांगून पैसे उकळणारे भामटे भीतीवर जगतात. अशी अटक आपल्या कायद्यात अस्तित्वातच नाही. कोणी फसलेच, तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. घरच्यांनी त्याला दोष देऊन गप्प बसवू नये, कारण लाजेपोटी दवडलेला प्रत्येक तास चोराच्या पथ्यावर पडतो.

मुले आपल्या उपदेशापेक्षा आपल्या सवयी अधिक बारकाईने पाहतात. 'सगळेच करतात' हे वाक्य वडिलांच्या तोंडून एकदा ऐकलेले मूल ते पुढे परीक्षेत, नोकरीत आणि करभरणा करताना वापरील. म्हणून एखाद्या रविवारी दुपारच्या जेवणानंतर साऱ्या कुटुंबाने मिळून घरच्या संगणकासमोर बसावे आणि त्यातील आज्ञावलींची यादी करावी. कोणती विकत घेतली, कोणती मुक्तपणे मिळाली आणि कोणती यांपैकी कशातच बसत नाही, हे मुलांनाच लिहू द्यावे. तिसऱ्या रकान्यातील नावे एकेक करून कशी कमी करायची, हेही त्यांनाच विचारावे.