न्यूटनची सूत्रं अजून का शिकायची?

चि. मुक्ता,


‘आइनस्टाइनने न्यूटनला चूक ठरवलं, तर त्याची सूत्रं आम्ही अकरावीत का घोकायची?’ हा तुझा प्रश्न मला फार आवडला. उत्तरासाठी बुध ग्रहाकडे जाऊ.

त्याआधी युरेनसची गोष्ट. तो गणिताने आखलेल्या वाटेवरून जरा ढळत होता. फ्रान्सच्या ल व्हेरिएने न्यूटनच्या नियमावर भिस्त ठेवून हिशेब मांडला: पलीकडचा एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार. सप्टेंबर १८४६मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गाल्लेने दुर्बीण त्या दिशेला रोखली आणि सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आतच नेपच्यून सापडला.

पुढे बुधाचा हिशेब अडला. त्याच्या कक्षेतला सूर्याला सर्वांत जवळचा बिंदू हळूहळू सरकतो. इतर ग्रहांची ओढ जमेस धरूनही शतकाला सुमारे ४३ विकलांचा फरक उरायचा. ३६०० विकलांचा एक अंश. म्हणजे अंशभर तफावत पडायला आठ हजारांहून जास्त वर्षं! तरी खगोलशास्त्रज्ञांनी तिकडे काणाडोळा केला नाही. ल व्हेरिएने पुन्हा न दिसलेल्या ग्रहाची कल्पना मांडली. ‘व्हल्कन’ असं त्याचं नावही पडलं, पण ग्रह काही सापडला नाही. नोव्हेंबर १९१५मध्ये आइनस्टाइनच्या सामान्य सापेक्षता सिद्धांतातून त्या ४३ विकला निघाल्या, कुठलंही ठिगळ न लावता.

आता नीट बघ. गुरुत्वाकर्षण क्षीण आणि वेग प्रकाशाच्या मानाने किरकोळ असेल, तिथे आइनस्टाइनची समीकरणं न्यूटनचंच सूत्र हाती देतात. तसं व्हायलाच हवं, ही आइनस्टाइनची स्वतःची अट होती. म्हणून चंद्राची वाट आखायला न्यूटन पुरतो. जीपीएस उपग्रहांवरची घड्याळं मात्र दिवसाला सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, तो हिशेब आइनस्टाइनशिवाय जुळत नाही.

म्हणून जुनं सगळंच टिकतं असं समजू नकोस. न्यूटनच्या ओढीची जागा अवकाशकालाच्या वक्रतेने घेतली. आकडे जवळपास तेच राहिले, कारण पार बदललं. उष्णता हा वाहता पदार्थ आहे, ही समजूतही कायमची गेली. पण तीच समजूत धरून फ्रेंच अभियंता कार्नो याने १८२४मध्ये वाफेच्या इंजिनांच्या कार्यक्षमतेला घातलेली मर्यादा आजही कुणाला ओलांडता आलेली नाही.

आज दीर्घिकांच्या कडेचे तारे हिशेबापेक्षा वेगाने फिरताना दिसतात. न दिसणारं द्रव्य आहे, की नियमच बदलायला हवा? बहुतेकांचा कल द्रव्याकडे आहे, वाद मिटलेला नाही. उद्या तू नवा नियम मांडलास, तर नेपच्यूनची जागा आणि बुधाच्या ४३ विकला त्यातूनही निघायला हव्यात. तेव्हा न्यूटनची सूत्रं घोकू नकोस, त्यांवरची गणितं सोडव. नव्या सिद्धांताची पहिली परीक्षा तिथेच होते.

तुझा,
आबा