नोंदीतली नावं

पुण्यातल्या एका अभियंता तरुणीने पानाच्या फोटोवरून सोयाबीनचे रोग ओळखणारी एआय प्रणाली उभारली. तिला खरा अभिमान होता तो त्यामागच्या ब्लॉकचेनचा. प्रत्येक फोटोचा हॅश, म्हणजे डिजिटल ठसा, काढायचा आणि त्यात आधीच्या नोंदीचा हॅश गुंफायचा. मागची एक नोंद बदलली, की पुढची सगळी साखळी जुळेनाशी होते. याचं पेटंट घ्यायला ती एका वयस्कर पेटंट एजंटांकडे गेली.

"साखळी जुनी आहे," ते म्हणाले. "बेलकोअरच्या स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटांनी ती १९९१ मध्ये मांडली. बिटकॉइनच्या २००८ च्या लेखात त्यांचे संदर्भ आहेत. १९९५ पासून त्यांची कंपनी दर आठवड्याचा हॅश न्यूयॉर्क टाइम्सच्या छोट्या जाहिरातींत छापायची. खाडाखोड करायची तर घरोघरचे अंक बदलावे लागले असते!" किती साधी आणि भक्कम युक्ती ही!

"शिवाय नुसता अल्गोरिदम आपल्याकडे पेटंट कायद्याच्या कलम ३(के) मध्ये अडकतो. तुमचं स्वतःचं काय?"

रेंज नसलेल्या शेतात फोनवर झालेल्या नोंदी नंतर योग्य क्रमाने साखळीत बसवण्याची रीत नवी होती. "मग तेवढंच मागा. आणि खरा व पहिला शोधक कोण, ते अर्जात लिहा." तिने आधी सहकाऱ्याचं नाव लिहिलं, मग स्वतःचं. ती रीत मुळात त्याला सुचली होती.

मग त्यांनी लॅपटॉपवर एक नोंद उघडायला सांगितली. 'स्रोत' या रकान्यात कंपनीचं नाव होतं.

"फोटो कुणी काढला?"

"लातूरकडच्या एका शेतकरी बाईंनी."

"नोंद बदलली का, हे साखळी सांगेल. मुळात ती खरी होती का, हे तिला कसं कळणार?"

तिला उत्तर सुचेना. जुनी नोंद पुसता येत नव्हती. दुरुस्तीची नवी जोडता येत होती. अर्ज बाजूला ठेवून ती लातूरला गेली.

बाईंनी नाव लिहायला संमती दिली. मग फोटोखालचं 'पिवळा मोझॅक' हे रोगाचं नाव वाचून त्या थांबल्या. "ताई, ह्यो मोझॅक न्हाई. शिरा बघा, हिरव्याच हायेत. चुनखडीच्या रानात लोह कमी पडलं की कोवळी पानं अशी पिवळी पडत्यात."

तिने बांधावरच फोन काढला आणि नव्या नोंदीत त्यांचं नाव आणि पानाचं खरं दुखणं, दोन्ही लिहिलं. मग विचारलं, "बाकीचे फोटो बघायला वेळ आहे का तुम्हाला?"