आडवा बांबू

दसरा झाला की मंठा तालुक्यातल्या त्या गावात 'जागते रहो'ला उत्तर मिळत नसे. फौजी आबा वेशीतून हाळी द्यायचे, पण खालच्या वस्तीला कुलपं लागलेली. मुकादमाची उचल घेऊन नवरा-बायकोचा एकेक 'कोयता' सांगली-कोल्हापूरकडं ऊसतोडीला गेलेला. मागं म्हातारी माणसं आणि त्यांच्या जिवावर सोडलेली लेकरं.

एका वर्षी पंधरा दिवसांत तीन विहिरींवरच्या मोटारी गेल्या. ग्रामरक्षक दलाच्या वहीत बावीस नावं, गस्तीला उभे राहिले चार. पोलीस पाटलांनी ग्रामसभेत सांगितलं, "पुढच्या दसऱ्याला वेशीत बांबू आडवा टाकू. मुकादमाचा ट्रॅक्टर आत येऊ द्यायचा न्हाई. माणसंच गेली तर गाव राखायचं कुणी?" त्यांची भीती खरी होती. गाव राखायची जबाबदारी ज्याच्यावर असते, त्यालाच ती भीती कळते.

आबा उठले. "पाटील, एका अख्ख्या देशानं हे करून पाहिलंय. पूर्व जर्मनी. कष्टकऱ्यांचं राज्य म्हणवायचं, अन् 1949 ते 1961 या बारा वर्षांत सुमारे 27 लाख माणसं पश्चिमेकडं निघून गेली. त्यात तरणीच जास्त. 1956 ला फौज उभी केली, पण सक्तीची भरती करायची छाती होईना. बोलावणं आलं की पोरं सीमा ओलांडणार. शेवटी 13 ऑगस्ट 1961 ला बर्लिनमध्ये काटेरी तारा टाकल्या, अन् मग जानेवारी 1962 ला सक्तीची भरती आली."

"म्हंजे तारा कामी आल्या की!"

"आल्या. पण तिसऱ्याच दिवशी, आपल्याकडं झेंडावंदन होतं त्या 15 ऑगस्टला, पहाऱ्यावरचा 19 वर्षांचा शिपाई, कोनराड शुमान, तारेवरून उडी मारून पलीकडं गेला. मग पहारेकऱ्यांवरच पहारा. अठ्ठावीस वर्षं बंदुकीचं तोंड आपल्याच माणसांकडं. 1989 ला हंगेरीतून वाट फुटली, लोक पुन्हा निघाले, तारांच्या जागी उभी केलेली भिंत उघडली. वर्षभरात राज्य गेलं, फौजेसकट. शत्रूला एक गोळी झाडावी लागली न्हाई."

तरी बांबू पडलाच. राखणीला खालच्या वस्तीचा एक तरणा पोरगा बसवला. त्याच्या बापानं बहिणीच्या लग्नापायी घेतलेली उचल फिटायची होती. पहाटे पाटील आले, तेव्हा बांबू कडेला उभा होता आणि पोरगाही ट्रॉलीत बसून गेलेला होता.

पाटील चिडले नाहीत. भर पौषात आबांना घेऊन जालना तालुक्यातल्या कडवंचीला गेले. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रानं 1996 पासून तिथं इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम राबवला होता (मदत जर्मनीची, हा योग आबांच्या मनाला फार भावला). माथ्यापासून बांधबंदिस्ती, शेततळी, द्राक्षांचे मळे. पाटील मात्र दारंच बघत फिरले. कुलूप कुठं दिसेना.

परतल्यावर पाटलांनी रोजगार हमीच्या कामासाठी तहसीलला खेटे घातले. माळावर समतल चर निघाले. वेशीतला बांबू चिरून त्याच्या खुंट्या आखणीला लागल्या. पोरगा पाडव्याला परतला होता, तोही कुदळ घेऊन आला.

तिसऱ्या दसऱ्यालाही अकरा कोयते गेलेच. त्या रात्री आबांनी वेशीतून हाळी दिली आणि सवयीनं पाठ फिरवली. तेवढ्यात खालून त्या पोराचा आवाज आला, "जागते रहो!"