मुलाचं वर्ष, शाळेचं वर्ष

निपाणीहून कागल फार लांब नाही. कोगनोळीचा टोलनाका मागे पडतो, दूधगंगेचा पूल ओलांडला की महाराष्ट्र सुरू. दोन्ही काठांवर ऊस तोच, पाऊस तोच, पेरणीची घाईही तीच. शाळेचं वर्ष मात्र पुलावर बदलतं. कर्नाटकातली शाळा मेअखेरीस उघडते आणि साधारण 10 एप्रिलला मिटते. महाराष्ट्रातली जूनच्या मध्याला उघडते आणि एप्रिल सरेपर्यंत चालते. निपाणीची भाचरं सुटी लागताच आजोळी जावीत, तर मामाची मुलं परीक्षेच्या अभ्यासात. मामाची मुलं जूनच्या सुरुवातीला मोकळी असतात, तेव्हा भाचरांच्या नव्या वह्यांना कव्हरं घालून झालेली असतात. एकत्र हुंदडायला मिळतो तो मे महिना.

दिवाळीत हे अंतर जास्त टोचतं. कर्नाटकात मोठी सुटी दसऱ्याला असते. 2024 साली ती 3 ते 20 ऑक्टोबर होती आणि दिवाळी आली महिनाअखेरीला. म्हैसूरच्या दसऱ्याची परंपरा थोर आहे, तिचा मान ठेवलाच पाहिजे. पण बेळगावच्या गल्लीगल्लीत मुलं दिवाळीला किल्ले करतात. दगड रचायचे, त्यावर पोतं अंथरायचं, तांबड्या मातीचा चिखल लिंपायचा, बुरूज उभे करायचे. मग मोहरी पेरायची आणि ती हिरवी उगवून येईपर्यंत रोज पाणी शिंपडायचं. कुणी रायगड करतो, कुणी जवळचाच राजहंसगड. नकाशा काढणं, उतार साधणं, इतिहास विचारून घेणं, चार जणांत कामं वाटून घेणं, एवढं शिक्षण त्या ढिगाऱ्यात असतं. ते सगळं शाळा सुटल्यावरच्या दीड-दोन तासांत, अंधार पडायच्या आत उरकावं लागतं.

शाळेचं वर्ष कधी सुरू व्हावं आणि कधी संपावं, हे कुणाकडे बघून ठरवायचं? राजधानीतून बघितलं तर राज्यभर एकच तारीख सोयीची दिसते. पुस्तकं छापायची असतात, बदल्या करायच्या असतात. दहावीची परीक्षा सगळीकडे एकाच दिवशी हवी, हेही खरं. पण तिसरीतल्या मुलाला त्या दिवसाशी बांधण्याचं कारण नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 आणि सहावी ते आठवीसाठी 220 दिवस घालून दिले. ते दिवस कोणते, हे मात्र त्याने दिल्लीत ठरवलं नाही. कलम 9 मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं सांगताना शैक्षणिक वेळापत्रक ठरवणं हेही त्याचंच कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. म्हणजे ज्यांच्या दारातून मुलं शाळेला जातात, त्यांनी ते ठरवावं.

असं करता येतं, याचे दाखले आहेत. विदर्भाचं ऊन बघून महाराष्ट्र तिथल्या शाळा उशिरा उघडतो. हिमाचल प्रदेशात बर्फ पडणाऱ्या भागातल्या शाळांची मोठी सुटी हिवाळ्यात असते, बाकीच्यांची उन्हाळ्यात. खुद्द कर्नाटकातही ख्रिस्ती संस्थांनी मागितली तर ऑक्टोबरच्या सुटीतले दिवस वळते करून नाताळला सुटी घेण्याची वाट ठेवली आहे. मग सीमाभागातल्या शाळांनी काही दिवस दसऱ्याकडून दिवाळीकडे सरकवून मागितले, तर त्यात कुणाचं काय उणं होतं?

कलम 9 मध्येच आणखी एक कर्तव्य आहे: स्थलांतर करून आलेल्या कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळवून देणं. दिवाळीच्या सुमारास बीडकडच्या ऊसतोड टोळ्या या भागातही उतरतात. रानात खोपी पडतात. पहाटे आईबाप कोयता घेऊन फडात जातात, आणि आठ-नऊ वर्षांची पोर धाकट्या भावाला कडेवर घेऊन खोपीपाशी थांबते. गावाकडच्या हजेरीपटावर तिचं नाव असतं, जूनमध्ये ती तिथे बसलेलीही असते. हंगाम आटपून ती परत जाईल, तेव्हा वर्गाचं वर्ष सरत आलेलं असेल. पहिलं सत्र हेच तिचं सगळं वर्ष. आणि निपाणीच्या आसपास तर कर्नाटक सरकारच्याच मराठी शाळा आहेत. तिला कळेल अशा भाषेतला फळा इतका जवळ असताना तिने बाहेर राहावं, याचं मला फार वाईट वाटतं. हंगामाच्या पाच महिन्यांपुरतं तिला इथल्या वर्गात बसवून घेतलं आणि तिथली हजेरी तिच्या गावच्या शाळेने धरली, तर दोन राज्यांचं मिळून तिचं एक वर्ष पुरं होईल.

महाराष्ट्र-कर्नाटक सीमेचा वाद न्यायालयात आहे, तो त्याच्या गतीने चालेल. सुटीचे आठ दिवस पुढेमागे करायला आणि एका पोरीला पाटी द्यायला त्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. शाळेच्या विकास व देखरेख समितीत, म्हणजे एसडीएमसीत, आपल्यापैकी कितीतरी पालक बसतात. पुढच्या बैठकीत खोल्यांच्या दुरुस्तीचा विषय झाला की हे दोन विषय मांडा, ठराव लिहून घ्या आणि शिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. मुलांनी शाळेच्या वेळा पाळाव्यात असं आपण रोज सांगतो. मुलांच्या वेळा शाळेने पाळाव्यात, हे सांगणंही मोठ्यांचंच काम आहे.