लोहचुंबकाची साक्ष

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातल्या दुसऱ्या पादावरच्या भाष्यात शंकराचार्य लोहचुंबकाला दोनदा साक्षीला बोलावतात. आधी स्वतःच्या बाजूने: स्वतः न हलताही दुसऱ्याला हलवता येतं, चुंबक बघा. पाच सूत्रांनंतर सांख्यवादी तोच चुंबक घेऊन येतो, न हलणारा पुरुष, म्हणजे साक्षी चैतन्य, प्रकृतीला, म्हणजे जड सृष्टीच्या मुळाला, हलवतो हे दाखवायला, तेव्हा त्या चुंबकाची उलटतपासणी होते. चुंबक जवळ आणावा लागतो, घासूनपुसून ठेवावा लागतो. तुमचा पुरुष तर सदाचाच जवळ, मग प्रकृती थांबणार कधी? वकिली बिनतोड. पण चुंबक खरोखर जागचा हलत नाही का, हे दोन्ही वेळा कुणीच विचारत नाही.

मी पोटासाठी चुंबकीय पदार्थांचे पातळ थर बनवते आणि मोजते, आणि गुरुवारी संध्याकाळी शेजारच्या आप्पांकडे भाष्य वाचायला बसते. त्यामुळे हा प्रश्न माझ्याच गळ्यात पडला.

आमच्याकडे कोबाल्ट-लोह-बोरॉनचे दोन थर असतात, मध्ये जेमतेम एक नॅनोमीटर मॅग्नेशियम ऑक्साइड. एका थराची चुंबकीय दिशा बांधलेली, दुसऱ्याची मोकळी. नमुन्यावर सुया टेकवायच्या आणि प्रवाह हळूहळू वाढवायचा. बराच वेळ विशेष काही घडत नाही. मग रोध एकदम कोसळतो: मोकळा थर फिरून बांधलेल्याला समांतर झाला. प्रवाह उलटा केला की परत पाठमोरा. बाहेरून चुंबक लावलेला नाही, तारेची गुंडाळी नाही. असं होईल हे जॉन स्लॉन्चेव्हस्की आणि लुक बर्जर यांनी 1996 साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे सांगितलं होतं. नाव पडलं स्पिन ट्रान्सफर टॉर्क.

बांधलेल्या थरातून येणाऱ्या इलेक्ट्रॉनांचे स्पिन, म्हणजे त्यांचे अंगचे कोनीय संवेग, बहुतांशी त्याच्या दिशेचे असतात. मोकळ्या थरात शिरल्यावर त्यांना तिथलं वळण घ्यावं लागतं. वळताना त्यांनी जेवढा कोनीय संवेग सोडला तेवढा त्या थराच्या पदरात पडतो. हिशेब तिथल्या तिथे चुकता. स्वतः न वळता इलेक्ट्रॉनाला थर वळवताच येत नाही. प्रवाह उलटा असतो तेव्हा तर, ढोबळ मानाने, बांधलेल्या थराने नाकारून परत धाडलेले इलेक्ट्रॉन काम करतात. मला हा भाग फार आवडतो, आणि त्यातून कुणी बोधकथा काढू नये.

मग बांधलेला थर तरी अचल म्हणावा? टॉर्क त्याच्यावरही येतो. तो ढळत नाही, कारण शेजारचा प्लॅटिनम-मँगनीजचा थर त्याला धरून बसलेला असतो, आणि ती पकड आम्ही भट्टीत, चुंबकीय क्षेत्रात तापवून बसवलेली असते. त्याचं अचलपण हा आम्ही केलेला बंदोबस्त आहे.

आप्पांनी लगेच अडवलं. "अगं, दृष्टांत एका अंगापुरताच घ्यायचा असतो."

"आप्पा, पण ज्या अंगापुरता घेतला तेच अंग टिकत नाही."

माझ्या मते यात अद्वैताचं फार बिघडत नाही. हलवायला दुसरं काही आहेच कुठे, या शंकेला आचार्य तिथेच मायेचं उत्तर देतात. चुंबक तिथवर पोचवून परत जातो. अडचण सांख्यांची. त्यांना पुरुष खरा, प्रकृतीही खरी, आणि तरी पुरुषाला धक्का लागायला नको. त्याला हिशेबाबाहेर ठेवायचं तर खुशाल ठेवा, पण मग साक्षीदार लोखंडाच्या दुनियेतून आणू नका.

आप्पांनी भाष्यातलाच जोडदृष्टांत काढला: रूप डोळ्याला ओढतं, स्वतः हलत नाही. मी म्हटलं, वस्तूवरून परतणारा प्रकाशही तिला ढकलतो. प्योत्र लेबेदेव यांनी प्रकाशाचा दाब मोजून 1901 सालीच प्रसिद्ध केला. आप्पांना हे मान्य नाही. ओढतं ते रूप म्हणजे प्रकाश नव्हे, दिसणं, असं त्यांचं म्हणणं. आणि दिसण्याला उलटा धक्का बसतो की नाही यावर आमचं अजून जुळलेलं नाही.