काठी कुठे वाकते

थंडीतली सकाळ आहे असं समजा. वाशीमजवळचा एकबुर्जीचा बांध. सोयाबीन कधीच निघून गेलं आहे, काळी रानं उघडी पडली आहेत, आणि मधल्या तासांत तूर पिवळ्या फुलांनी भरली आहे. पाण्याच्या कडेला बेशरमाची झुडपं, त्यांच्या एका फांदीवर खंड्या. एक टिटवी ओरडत डोक्यावरून गेली आणि पुन्हा सगळं शांत झालं. तुमच्या हातात अजून काहीच नाही. गळाची काठी निवडायला निघालेल्या माणसानं थोडा वेळ हात रिकामा ठेवावा.

बसा. दगड गार लागेल, लागू द्या. तळहात मांडीवर उताणा ठेवा. बोटं सैल सोडली की ती आपसूक जराशी वाकतात, कुणी न सांगता. तो बाक बघत राहा. आज आपल्याला बघायचं आहे ते एवढंच: वाकणं, आणि ते कुठून सुरू होतं.

माझी पहिली काठी मामांनी केली. दुकान नव्हतं, कंपनी नव्हती. बुरडाकडून मानवेलाचा एक बांबू आणला. मानवेल बुडाशी जवळजवळ भरीव असतो, शेंड्याकडे पोकळ आणि बारीक होत जातो. मामा तो जमिनीला समांतर धरून एका डोळ्यानं बघायचे, जशी बैलगाडीची जुवाडी बघतात. पेरं जवळजवळ आहेत का, कुठे भुंग्याचं भोक आहे का, हे बोट फिरवून तपासायचे. मग शेकोटीवर हळूहळू फिरवत, तापवत, जिथे वाकडा होता तिथे गुडघ्याखाली दाबून सरळ करायचे. मी वरची चकचकीत साल खरवडायला घेतली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. सगळं बळ त्या सालीतच असतं, म्हणाले. पुढे वाचलं तेव्हा कळलं की ते अगदी खरं आहे. बांबूचे तंतू बाहेरच्या अंगाला दाट असतात आणि आत विरळ होत जातात. म्हणून साल खरवडलेली काठी दिसायला गुळगुळीत असते आणि माशाच्या पहिल्याच हिसक्याला दगा देते.

काठी झाली, तंगूस बांधला, गांडूळ लावलं. पहिला मासा लागला तेव्हा मी दोन्ही हातांनी खेचायला लागलो. मामा उठलेसुद्धा नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाले, “काठीले वाकू दे, बापा. तू नको खेचू.”

हे वाक्य एकदा मनात फिरवा. घाई नाही. काठीला वाकू द्यायचं म्हणजे काय करायचं? हात उंच धरायचा आणि तसाच ठेवायचा. तुम्ही ओढत नाही आणि सोडतही नाही. मासा जेवढा जोर करील तेवढी काठी झुकते, तो थांबला की ती परत येते. मधला सगळा झगडा तिच्या अंगात होतो, तुमच्या खांद्यात किंवा माशाच्या जबड्यात होत नाही.

आता हातातली काठी बदलू या. आजची मुलं एकबुर्जीवर, कारंज्याच्या अडाण धरणावर, सोनल धरणावर येतात तेव्हा बांबू आणत नाहीत. रीळ असलेली काठी आणतात, आणि गांडुळाऐवजी खोटा मासा. त्यातलाच एक प्रकार क्रँकबेट. मुठीत मावेल एवढा पोटाळ मासा, लाकडाचा किंवा प्लास्टिकचा, तोंडापुढे चमच्यासारखी एक पारदर्शक जीभ. दोरी गुंडाळू लागलात की पाणी त्या जिभेवर दाबतं, मासा खाली बुडी मारतो आणि अंग डावी-उजवीकडे हलवत पळतो. जीभ लांब आणि अंगाच्या रेषेत असेल तर खोल जातो. आखूड आणि उभी असेल तर वरवर पोहतो. पोटाखाली आणि शेपटीशी दोन तिहेरी गळ लोंबतात.

हे खेळणं अमेरिकेतल्या बास नावाच्या माशासाठी वाढलं. टेनेसी राज्यात फ्रेड यंग नावाचा माणूस बाल्सा लाकडातून असे पोटाळ मासे चाकूनं कोरायचा. त्याच्या माशाचं नाव ‘बिग ओ’. त्याआधी, १९३६ साली फिनलंडमध्ये लौरी रापाला या कोळ्यानं बुचातून मासा कोरला, त्यावर चॉकलेटची चांदी चिकटवली आणि छायाचित्रांच्या फिल्मा वितळवून वर त्याचा थर दिला. रापालानं तासन् तास पाणी बघितलं होतं. त्याला दिसलं की शिकारी मासा अख्ख्या थव्यातून नेमका तोच लहान मासा उचलतो जो थोडा लंगडत पोहतो आहे. त्यानं ते लंगडणं बुचात आणलं. मला या गोष्टीतली कारागिरी आवडते, पण त्याहून ते बघत बसणं आवडतं. आपल्याकडे बाराव्या शतकात, ११३०च्या सुमारास, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात मत्स्यविनोद म्हणून एक प्रकरण आहे. कोणता मासा, त्याला कोणतं आमिष, याचा विचार त्यात बारकाईनं केला आहे. राजाही शेवटी काठावर बसून बघतच होता.

बास आपल्या पाण्यात नाही. त्याच्या जागी आपली मरळ आहे. तशीच दबा धरून बसणारी, झाडोऱ्यात लपून अचानक झडप घालणारी. म्हणून क्रँकबेटला कोणती काठी, हा प्रश्न वाशीमचाही आहे.

आता मी माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं पटणार नाही.

मी पुण्याहून एक कार्बनची काठी घेऊन आलो होतो. हलकी, तलवारीसारखी ताठ. दोरी खडीला घासली तरी हाताला कळायचं. मला वाटलं, याहून चांगली काठी असूच शकत नाही. उन्हाळ्यात पाणी उतरलं होतं, बुडालेल्या बाभळींची खोडं वर आली होती, त्यांच्या बाजूनं मी क्रँकबेट ओढत होतो. धक्का बसला. मी त्याच क्षणी हिसका दिला. जड वाटली, पाण्याबाहेर अर्धी उसळली, मरळच होती, पाठ काळी, पोट पांढरं. काठी शेंड्याजवळ जराशी लवली आणि बाकी ताठच राहिली. पुढच्या क्षणी दोरी ढिली पडली. खोटा मासा जवळ आणला तर शेपटीकडच्या गळाच्या एका टोकावर ओठाच्या कोपऱ्याचं कातडं अडकलं होतं. ज्वारीच्या दाण्याएवढं. गुलाबी, कडेला पांढरट, अजून ओलं.

ते मी किती तरी वेळ बघत बसलो होतो. तुम्हीही क्षणभर बघा, नजर काढू नका. मासा हातचा गेला याचं दुःख फार टिकलं नाही. तो दाणा मात्र अजून डोळ्यांपुढे आहे. याच जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं मंदिर आहे. मुंगीलाही इजा होऊ नये म्हणून जपणारी माणसं इथे आमच्या शेजारी राहतात. मी मासे खाणाऱ्या घरातला. तरीही विनाकारण फाडलेला ओठ मला कुठल्याच हिशेबात बसवता आला नाही.

चूक काठीची नव्हती, जोडीची होती. नीट बघा. साध्या मोठ्या गळाला जाड पोलाद असतं, तो हाडात रुतवायला जोर लागतो. मरळीचं तोंड हाडाळ. म्हणून पाणवनस्पतीवरून रबरी बेडूक ओढताना ताठ काठीच हवी. क्रँकबेटचे तिहेरी गळ बारीक आणि धारदार असतात. ते नुसत्या ओढीनं टोचतात, बहुतेक वेळा कातडीतच, आणि पुढचं सगळं काम त्यांना टिकवून धरण्याचं असतं. तिथे ताठ काठी म्हणजे शत्रू. शिवाय कार्बन इतक्या लवकर निरोप देतो की मासा तोंड मिटून वळण्याआधीच आपण हिसका देऊन मोकळे होतो. काचतंतूची काठी, लोक फायबरग्लास म्हणतात ती, थोडी जड आणि थोडी मंद असते. तो मंदपणा माशाला तोंड मिटायला वेळ देतो. दोन्ही मिसळून केलेल्या काठ्याही येतात, आणि दिवसभर हात दुखू नये म्हणून मला त्या बऱ्या वाटतात.

इथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात, त्या वेगळ्या करा. काठी वाकायला किती जोर लागतो हे एक, आणि ती कुठे वाकते हे दुसरं. दुकानात लोक पहिल्याबद्दल विचारतात. क्रँकबेटसाठी दुसरं महत्त्वाचं. डोळे मिटून तीन काठ्या मनाशी धरा. पहिली फक्त शेंड्याला वाकते, खाली दांडकं. दुसरी शेंड्यापासून मध्यापर्यंत बाक घेते, जसं दाण्यानं भरलेलं ज्वारीचं धाट वाऱ्यावर झुकतं. तिसरी मुठीपर्यंत वाकते, वेतासारखी. आपल्याला मधली हवी. लांबी सात फुटांच्या आसपास असू द्या. लांब फेकता येतं आणि बाक घ्यायला जागा मिळते. खोल बुडणारा मोठा क्रँकबेट पाण्यातून ओढताना स्वतःच खूप जोर लावतो, त्याच्यासाठी थोडी दणकट काठी घ्या, पण तिचाही बाक मध्यावर असावा. आणि विणलेली दोरी वापरत असाल तर लक्षात ठेवा, ती तंगुसासारखी ताणली जात नाही. मग सगळी नरमाई काठीलाच पुरवावी लागते.

परत काठावर या. पाण्याकडे बघा.

खोटा मासा खाली जातो आहे. हाताला एक बारीक थरथर लागते, सतत, एकसारखी. ती ऐका, खरं तर तळहातानंच ऐकायची. थरथर बदलली की काही तरी घडलं: पान अडकलं, तळ लागला, किंवा मासा मागे आला. मध्येच टक्क होतं. बुडालेलं खोड. इथे सगळ्यांचा हात खेचायला धावतो, माझाही अजून धावतो. थांबा. ढील द्या. हा खोटा मासा तरंगणारा आहे. दोरी सैल झाली की तो उलटा मागे सरकतो, जीभ खोडावरून सुटते, आणि तो स्वतःहून वर येऊ लागतो. मोजून चार श्वास. मग पुन्हा हळू गुंडाळा. पुष्कळदा मासा नेमका याच वेळी पकडतो, खोडावरून सुटून वर येणाऱ्या त्या क्षणी. नरम काठी इथेही कामी येते. धक्का तिच्या अंगात जिरतो आणि गळ लाकडात रुतत नाही.

पावसाळ्याचं मात्र वेगळं आहे. कडेच्या उथळ पाण्यात लालसर पिल्लांचा झुपका दिसेल, पाणी उकळावं तसा वरच्या अंगाला खळबळणारा. त्याच्या खाली मरळीची जोडी असते. ती पिल्लांवर पहारा देते आणि जवळ आलेल्या प्रत्येक गोष्टीवर तुटून पडते. तिथे क्रँकबेट टाकला तर हमखास लागते. टाकू नका. पहारेकरी उचलला की सगळा झुपका इतर माशांचा घास होतो. काठी खाली ठेवून बघत राहा. मरळ हवा घ्यायला वर येते, पाण्यावर ओठ टेकवते, आणि पुन्हा पिल्लांखाली जाते. तासभर बघितलंत तरी कंटाळा येणार नाही.

आणखी एक, हे मनापासून सांगतो. ही धरणं मोकळी नाहीत. इथली मासेमारी मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्यानं दिलेली असते. कटला, रोहू, मृगळ यांचं बीज त्यांनी पैसे मोजून सोडलेलं असतं, भोई समाजातली घरं त्यावर चालतात. आधी त्यांना विचारा. मासा परत सोडणार असाल तरी विचारा. आणि सोडणारच असाल तर गळाचे उलटे काटे पक्कडीनं दाबून सपाट करा. नरम काठीनं दोरी ताणलेली ठेवलीत तर काट्यावाचूनही मासा सहसा सुटत नाही, आणि सोडताना ओठ फाटत नाही. पुण्याहून आणलेली काठी मी आता रबरी बेडकासाठीच ठेवली आहे.

ऊन वर आलं आहे. पाणकावळा पंख पसरून खोडावर बसला आहे. बोटं पुन्हा एकदा सैल सोडा आणि त्यांचा बाक बघा.

दुकानात जाल तेव्हा वेष्टणावरचे आकडे नंतर वाचा. शेंडा हातानं धरून वाकवू नका, कार्बनचं टोक तसं मोडतं. कड्यांतून दोरी ओवा, तिचं टोक सोबत्याच्या हाती द्या, काठी तिरकी धरा आणि त्याला सावकाश ओढायला सांगा. ती कुठे वाकते ते बघा. मध्यावर वाकली तर घ्या.