पाहण्याचा अधिकार

डोळे आहेत एवढ्यावरून सर्व कांहीं पाहण्याचा अधिकार मनुष्यास प्राप्त होतो काय, हा प्रश्न प्रथमदर्शनीं विचित्र वाटेल. हात लावला तर वस्तु मळते, ओढली तर तुटते. नुसत्या पाहण्यानें कोणाचें काय बिघडतें, असें आपण सामान्यतः समजतों. परंतु परक्याच्या उघड्या खिडकींतून आंत डोकावूं नये, हें आपण घरांतील मुलांना शिकवितों, तेव्हां दृष्टीलाहि मर्यादा असते हें तत्त्व आपण मान्यच केलेलें असतें. तें तत्त्व मनुष्याच्या घराशींच संपतें, कीं पशुपक्ष्यांच्या घरालाहि लागू पडतें? रात्रीं अरण्यांत जाऊन निशाचर प्राणी पाहण्याची हौस सुशिक्षित कुटुंबांत वाढत चालली असल्यामुळें या प्रश्नाचा विचार करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आफ्रिकेंत या हौसेला व्यवस्थित धंद्याचें रूप आलेलें आहे. युगांडांतील किबाले येथील घनदाट अरण्यांत वाटाड्याबरोबर रात्रीं पायीं हिंडण्याची सोय आहे. दिवसां चिंपांझी पाहावयाचे आणि रात्रीं बॅटरीच्या झोतांत पोटो व बुशबेबी हे लहान, मोठ्या डोळ्यांचे वृक्षवासी प्राणी शोधावयाचे, असा तेथील क्रम. हे प्राणी सांपडतात कसे? त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यामागें एक चकचकीत थर असतो. आंत शिरलेला अंधुक प्रकाश त्यावरून परतून पडद्यावर दुसऱ्यांदा पडतो, आणि काळोखांत दिसण्यास साहाय्य होतें. झोत टाकला म्हणजे हाच थर निखाऱ्यासारखा चमकतो. काळोखांत निभावून जाण्यासाठीं निसर्गानें जें साधन त्यांस दिलें, त्याच साधनामुळें ते आपल्या हातीं लागतात, ही गोष्ट मनन करण्यासारखी आहे.

एवढ्या दूर न जातांहि हा प्रश्न आपल्या दाराशीं उभा आहे. १ जुलै १९९८ रोजीं अकोला जिल्ह्यांतून वेगळा झालेला वाशिम जिल्हा घ्या. येथील कारंजा-सोहोळ अभयारण्य इ. स. २००० मध्यें काळविटांच्या रक्षणासाठीं घोषित झालें. विस्तार अवघा अठरा चौरस किलोमीटरांच्या आसपास, आणि भोंवतीं शेती. आज अकोला व वाशिम यांच्या सीमेवर असलेलें काटेपूर्णा अभयारण्य त्याहून जुनें, १९८८ चें. काळवीट हा मुख्यतः दिवसाचा प्राणी. पण अंधार पडला म्हणजे माळावर दुसराच संसार सुरू होतो. साळिंदर बिळांतून बाहेर पडतें, कोल्हा फिरूं लागतो, रोही व रानडुकरें शेतांकडे वळतात, आणि रातवा पायवाटेच्या धुळींत येऊन बसतो.

बुद्धपौर्णिमेच्या रात्रीं पाणवठ्याजवळ मचाणावर बसून प्राणी मोजण्याची रीत महाराष्ट्राच्या अरण्यांत बऱ्याच दिवसांची आहे. वैशाखांत लहान झरे आटलेले असतात, त्यामुळें उरलेल्या पाण्यावर प्राण्यांना यावेंच लागतें. आणि चंद्रप्रकाश असल्यानें बॅटरीची गरज पडत नाहीं. वाघांच्या गणनेची जुनी पद्धत २००६ पासून बदलली व स्वयंचलित कॅमेरे कामास लागले. म्हणून या रात्रीस आतां गणनेपेक्षां ‘निसर्गानुभव’ हेंच नांव अधिक शोभतें.

झोत आणि चांदणें यांत आम्हांस नीतीच्या दृष्टीनें मोठें अंतर दिसतें. झोत टाकणारा प्राण्याला उजेडांत ओढून आणतो. चांदण्यांत बसणारा स्वतः काळोखांत जातो. पहिला म्हणतो, ‘मला दाखव’. दुसरा म्हणतो, ‘दिसेल तेवढें पाहीन’. तथापि मचाणावर बसणारानेंहि आपण सर्वस्वी निर्दोष आहों अशी समजूत करून घेऊं नये. पाणवठ्यावर येणारा जीव तहानेनें आलेला असतो, आपल्याला दर्शन देण्यासाठीं नव्हे. मनुष्याचा वास किंवा कुजबुज जाणवून तो कांठावरून तसाच परतला, तर आपल्या हौसेची किंमत त्यानें दिली. आणि आपल्या वहींत तिची नोंदहि होत नाहीं.

शिवाय रात्र ही या प्राण्यांनीं सर्वस्वी आपखुषीनें निवडलेली आहे असेंहि नाहीं. २०१८ मध्यें ‘सायन्स’ या नियतकालिकांत सहा खंडांतील ६२ जातींच्या सस्तन प्राण्यांविषयींच्या ७६ अभ्यासांचा एकत्र विचार प्रसिद्ध झाला. मनुष्याच्या सान्निध्यांत प्राण्यांचा रात्रीचा व्यवहार सरासरी १.३६ पटीनें वाढतो, असें त्यांत आढळलें. म्हणजे ज्या प्राण्याचा निम्मा व्यवहार रात्रीं होत असे, त्याचा आतां शंभरांत ६८ हिस्से रात्रीं होतो. दिवस आपण घेतला, म्हणून ते रात्रींत सरकले. आतां ती रात्रहि आपण पाहण्याच्या निमित्तानें घेऊं लागलों, तर त्यांनीं जावें कोठें? याच वाशिम जिल्ह्यांतून समृद्धी महामार्ग जातो, आणि त्यावरील वाहनांचे दिवे रात्रभर धावत असतात. त्यांत हौशीच्या दिव्यांची भर घालण्यापूर्वीं थोडें थांबणें बरें.

येथें एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. प्राण्यांच्या रात्रीच्या हक्काविषयीं लिहिणें शहरांतील घरांत बसून सोपें आहे. तो हक्क बजावला जातो कोणाच्या शेतांत? तूर व हरभरा उभा असतांना अभयारण्याच्या कडेचा शेतकरी थंडींत माळ्यावर बसून जागल करतो, डबे वाजवितो, हाळी देतो, बॅटरीचा झोत फिरवितो. त्याच्या झोताला आम्ही दोष देत नाहीं. तो आपलें अन्न राखीत असतो. आपण केवळ आपलें कुतूहल भागवीत असतों. वन्य प्राण्यांनीं केलेल्या पिकाच्या नुकसानीबद्दल शासनाकडून भरपाईची तरतूद आहे. पण गेलेली झोंप कोणत्याहि भरपाईनें परत येत नाहीं. तेव्हां रात्रींच्या अरण्याचा जो आनंद आपणांस मिळतो, त्याचा खर्च प्राणी आणि शेतकरी हे दोघे मिळून सोशीत असतात, हें विसरून चालणार नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, पाहिल्यावांचून प्रेम उपजत नाहीं आणि प्रेमावांचून रक्षण होत नाहीं. यांत तथ्य आहे. परंतु प्रेमाची परीक्षा तें काय मिळवितें यावरून न होतां, तें काय सोडावयास तयार आहे यावरून होते. ज्याला साळिंदर दिसलें नाहीं तर पैसे वांया गेले असें वाटतें, त्यानें अरण्यावर प्रेम केलें नसून बाजार केला आहे. नोकरीचें आयुष्य अरण्यांत घालविलेल्या मारुती चितमपल्ली यांनीं आपल्या एका पुस्तकास ‘रातवा’ हें नांव दिलें. हा पक्षी दिवसां वाळक्या पाल्यांत असा मिसळून जातो कीं, पायाखालीं येईपर्यंत दिसत नाहीं. तो कळतो मुख्यतः रात्रींच्या आवाजानें. डोळ्यांखेरीज कानांनींहि ओळख होते, आणि कित्येकदां तीच अधिक टिकते.

म्हणून रात्रीं अरण्यांत जाऊंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. जावें, पण पाहुण्यासारखें जावें. पाहुणा यजमानाच्या घरचीं दारें आपल्या हातानें उघडीत सुटत नाहीं. जें पुढें येईल तें कृतज्ञतेनें घेतो. थोड्यांनीं जावें, दिवा शक्य तों लावूं नये, आणि कांहींच न दिसलें तरी रात्र फुकट गेली असें म्हणूं नये. आणि परततांना ज्या शेताच्या बांधावरून वाट जाते, तेथील जागल करणाराच्या गाऱ्हाण्याकडेहि तितक्याच शांतपणें कान द्यावा. त्याचा भार हलका करण्याच्या कामीं आपला वांटा उचलावा. असा ऋणाईत होण्याची ज्याची तयारी आहे, त्यालाच आमच्या मतें पाहण्याचा अधिकार आहे.